गुरुजींची खोली

सामान्यकाळातील तेरावा रविवार
(२ राजे ४:८-११, १४-१६; रोमकरांस ६:३-४, ८-११; मत्तय १०:३७-४२)



शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले. रविवारच्या मिस्सेला मुले पुन्हा ओळीने बसू लागली आहेत, त्यांच्या दप्तरांना नवा वास आहे आणि पहिल्या मोठ्या पावसात हिंदमाताला नेहमीप्रमाणे पाणीही भरून झाले आहे. मुलांना शाळेत घालताना आपण खूप विचार करतो. फी किती, बस कोणती, ट्यूशन कुठली, सगळे विचारतो. पण आपल्या मुलांना शिकवणारी बाई रात्री कुठे झोपते, हे आपल्यापैकी कोणी कधी विचारले आहे काय? मीही विचारले नव्हते. मागच्या रविवारी तो प्रश्न माझ्याकडे स्वतःच्या पायांनी चालत आला, आणि आजचे पहिले वाचन वाचताना मी खजील झालो. म्हणून आज त्याविषयीच बोलतो.

आधी ते वाचन नीट पाहू. संदेष्टा अलीशा हा एक फिरता गुरू. शूनेम गावावरून त्याचे जाणेयेणे असे. त्या गावच्या एका सुखवस्तू बाईने त्याला आग्रहाने जेवू घातले, आणि मग तो त्या वाटेने गेला की तिच्याकडेच जेवायचा. इथवर आपणही पोहोचतो. फादर आले, सिस्टर आल्या, पाहुणे आले की आपण पानात वाढण्यात कमी करत नाही. पण ती बाई इथे थांबली नाही. तिच्या लक्षात आले की या माणसाला जेवणापेक्षा मोठी गरज आहे. ती नवऱ्याशी बोलली. त्या दोघांनी गच्चीवर एक लहानशी खोली बांधली आणि तिच्यात चार वस्तू ठेवल्या : खाट, मेज, बसायला आसन आणि दिवा.

त्या चार वस्तूंकडे बघा. खाट विश्रांतीसाठी, मेज आणि आसन वाचण्या-लिहिण्यासाठी, दिवा रात्रीच्या अभ्यासासाठी. ही शिकवणाऱ्या माणसाची खोली आहे. त्या बाईने महाल दिला नाही. आपल्या घरातला वरचा कोपरा दिला. मात्र देताना राहणाऱ्याला काय लागेल याचा तिने नीट विचार केला.

आता मागच्या रविवारची गोष्ट सांगतो. संध्याकाळची मिस्सा संपल्यावर ऑफिसच्या दाराशी एक तरुणी छत्री मिटून उभी होती. वय चोवीस-पंचवीस असेल. ती बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातली. मराठी आपल्यासारखीच बोलते, कानडीही येते. बी.एड. झाली आहे आणि आपल्या भागातल्या एका विनाअनुदानित शाळेत तिला गणिताची जागा मिळाली आहे. राज्य बदलले, पण भाषा आपलीच, म्हणून घरच्यांनी धीर करून पाठवले. सध्या ती नालासोपाऱ्याला मावशीकडे राहते. एका खोलीत पाच माणसे, ही सहावी. पहाटे साडेचारला उठते, गर्दीच्या लोकलमध्ये दरवाजाशी उभी राहून येते आणि रात्री वह्या तपासायला बसली की दिवा मालवायची वेळ झालेली असते. दिवा लावून बसली तर मावशीच्या सासूबाईंची झोपमोड होते.

मी विचारले, "पगार किती?" ती म्हणाली, "फादर, शिक्षण सेवकांना मिळतो तेवढाच."

आपल्यापैकी अनेकांना याचा अर्थ ठाऊक नसेल. आपल्या राज्यात अनुदानित शाळेत नव्याने लागलेला शिक्षक पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून ठरावीक मानधनावर काम करतो. १ जानेवारी २०२३ पासून ते मानधन प्राथमिकला १६ हजार, माध्यमिकला १८ हजार आणि उच्च माध्यमिकला २० हजार रुपये झाले. त्याआधी ते अनुक्रमे ६, ८ आणि ९ हजार होते. विनाअनुदानित शाळेत तर संस्था ठरवील ते. आता गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागात एका खोलीचे भाडे काय आहे ते मी तुम्हाला सांगायला नको. त्यावर अनामत रक्कम, त्यावर दलालाचे एका महिन्याचे भाडे. ज्या मुलीला पहिला पगार अजून हातात पडलेला नाही, तिने ही रक्कम कुठून आणावी?

ती अकरा ठिकाणी जाऊन आली होती. काही ठिकाणी पैशांवर अडले. पण सगळीकडे पैसाच आडवा आला असे नाही. एका ठिकाणी विचारले, "एकटीच राहणार?" एका ठिकाणी विचारले, "मासे करणार का?" एका ठिकाणी आडनाव विचारले, गाव विचारले, पुन्हा आडनाव विचारले आणि मग खोली आधीच दिली आहे म्हणून सांगितले. हे सगळे ऐकताना मला राग येत होता, या शहराला झालेय तरी काय, असे वाटत होते. मग ती खालच्या आवाजात म्हणाली, "फादर, त्या अकरांपैकी तीन घरे आपल्या चर्चची होती."

त्या तीन घरांत कोणी तिचा अपमान केला नाही, हे मुद्दाम सांगतो. बसायला दिले, चहा दिला. एका घरी म्हणाले, मुलगा दुबईहून आला तर लागेल म्हणून खोली ठेवली आहे. दुसऱ्या घरी म्हणाले, घरात विचारून कळवतो. तिसऱ्या घरी म्हणाले, आमच्याकडे जागा आहे, पण आम्ही भानगडीत पडत नाही.

आणि चौथे घर माझे. मी तिला काय सांगितले? मी म्हणालो, "बघतो. प्रार्थना करतो." एका दलालाचा फोन नंबर दिला. ती "थँक्यू फादर" म्हणाली, वेदीकडे वळून क्रुसाची खूण केली आणि स्टेशनच्या दिशेने पावसात निघून गेली. रात्री मला संत याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आठवला. उघड्या आणि उपाशी माणसाला कोणी नुसतेच सांगितले की सुखाने जा, ऊब घे, पोटभर खा, आणि दिले मात्र काहीच नाही, तर त्या शब्दांचा उपयोग काय, असे याकोब विचारतो. मी नेमके तेच केले होते. त्यामुळे आजचे बोलणे पहिल्यांदा मला लागू आहे, मग तुम्हाला.

प्रिय बंधुभगिनींनो, आपण या मुंबईत कसे आलो ते थोडे आठवू या. आपल्यातली ईस्ट इंडियन कुटुंबे इथली मूळची. खोताच्या वाडीसारख्या वाड्यांतून त्यांची घरे होती आणि आजही काही आहेत. पण आपल्यातले कितीतरी जण गोव्याहून, वसईहून, कोकणातून, मंगळुरूहून आलेल्यांची मुले-नातवंडे आहोत. गोव्याची माणसे आली तेव्हा गोवा हा परक्या सत्तेखालचा प्रदेश होता. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीजांचे राज्य होते. बोटीवर काम शोधणारा खलाशी, स्वयंपाकी, बँडमध्ये व्हायोलिन किंवा ट्रम्पेट वाजवणारा, मुलांना संगीत शिकवणारा, असा प्रत्येक जण मुंबईत उतरला की आधी गावच्या कूडीत जायचा. कोकणीत कूड म्हणजे खोली. धोबीतलाव, गिरगाव, डाबूळ, माझगाव या भागांत गावागावाच्या नावाने अशा खोल्या होत्या. त्यांना क्लबही म्हणत. धोबीतलावच्या जेर महाल या इमारतीत असे अनेक क्लब होते. भिंतीला लागून प्रत्येकाची ट्रंक, झोपायला जमिनीवर अंथरूण, एका बाजूला गावच्या संताची वेदी आणि संध्याकाळी सर्वांनी मिळून म्हणायची रोझरी. महिन्याची वर्गणी गरिबालाही झेपेल अशी. नोकरी लागेपर्यंत डोक्यावर छप्पर असायचे.

इकडे लालबाग-परळला गिरणगावातही हेच होते. कोकणातून, घाटावरून आलेला गडी गाववाल्यांच्या खोलीत उतरायचा. दहा बाय बाराच्या खोलीत पंधरा-वीस जण. दिवसपाळीचा आला की रात्रपाळीचा कामावर जायचा, अंथरूण तेच. जेवण खानावळवाल्या बाईकडे. त्या खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले, हे आपल्या भागातल्या जुन्या लोकांना आठवत असेल. आपल्याकडच्या बी.डी.डी. चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिच्यात घरची माणसे आणि त्यांच्या जोडीला गावाहून शिकायला आलेला पुतण्या किंवा भाचा हमखास असायचाच.

त्या दिवसांचे मी कौतुक करत नाही. ते हाल होते. नळावर भांडणे होती, आजार होते, बायकांना तर श्वास घ्यायला जागा नव्हती. पण एक गोष्ट खरी : आपले आजोबा किंवा वडील या शहरात टिकले, ते कोणीतरी आपल्या अंथरुणाची एक बाजू त्यांना दिली म्हणून. १६० चौरस फुटांत एक माणूस जास्तीचा मावला. आज आपल्यातल्या कितीतरी जणांची घरे त्याहून मोठी आहेत, आणि तीच जागा आपल्याला पुरत नाही.

आता एक वेगळी गोष्ट सांगतो. ती आपल्याच परळ-दादरमध्ये राहून गेलेल्या एका थोर माणसाची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून १९१७ मध्ये बडोदा संस्थानात नोकरीवर हजर व्हायला गेले. संस्थानानेच त्यांना शिष्यवृत्ती दिली होती. नोकरी ठरलेली, पदवी हातात, पण राहायला जागा मिळेना. अस्पृश्य म्हणून हिंदू हॉटेलात प्रवेश नाही. शेवटी ते एका पारशी सरायमध्ये पारशी नाव लावून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेली माणसे आली आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे त्यांना बजावण्यात आले. ही हकिगत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लेखनात सांगितली आहे. यातून कोणा एका समाजाला दोष द्यायचा नाही. मला जिथे थांबावेसे वाटते ते पुढे आहे.

बडोद्यात त्यांचे दोन मित्र होते, एक हिंदू आणि दुसरा ख्रिस्ती. सरायमधून निघण्याची पाळी आल्यावर त्यांनी दोघांकडे आसऱ्याची विचारणा केली. हिंदू मित्र म्हणाला, तुम्ही माझ्या घरी आलात तर माझे नोकर निघून जातील. ख्रिस्ती मित्र म्हणाला की, आपली पत्नी उद्या यायची आहे, तिला विचारावे लागेल. बाबासाहेबांना पुढे समजले की तो मित्र आणि त्याची पत्नी मूळ ब्राह्मण कुटुंबातली. बाप्तिस्मा झाला होता, पण घरात जात शिल्लक होती. त्या दिवशी ते एका सार्वजनिक बागेत बसून राहिले आणि रात्रीच्या गाडीने मुंबईला परतले. दुसऱ्या वर्षी, नोव्हेंबर १९१८ मध्ये, ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. राहायचे परळच्या बी.आय.टी. चाळीतल्या दोन खोल्यांत. पुढे दादरला हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधले आणि त्यात पुस्तकांसाठी भरपूर जागा ठेवली.

ही हकिगत वाचताना मी दर वेळी त्या ख्रिस्ती मित्रापाशी अडतो. तो वाईट माणूस नव्हता. त्याने दार आपटले नाही, शिवी दिली नाही. तो फक्त म्हणाला, "घरात विचारून सांगतो." आणि मागच्या रविवारी आपल्या एका घरात त्या मुलीला हेच उत्तर मिळाले. शंभर वर्षांहून अधिक काळ उलटला, पण आपले सभ्य उत्तर बदलले नाही.

शूनेमच्या बाईनेही घरात विचारलेच होते. तीही नवऱ्याशी बोलली. घरात विचारणे चूक नाही, विचारायलाच हवे. पण ती बोलली ती खोली बांधण्यासाठी. आपण पुष्कळदा घरच्यांचे नाव पुढे करतो ते नकार देण्याचे काम आपल्याला करावे लागू नये म्हणून. आज दुपारी जेवताना आपण खरोखर घरात विचारू या.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना मार्टिन हायडेगर यांचे एक व्याख्यान मी अभ्यासले होते. ते त्यांनी १९५१ मध्ये जर्मनीत डार्मस्टाट येथे दिले. महायुद्धात शहरे उद्ध्वस्त झाली होती, घरांची भीषण टंचाई होती. हायडेगर म्हणाले की खरी अडचण घरांच्या तुटवड्यापेक्षा खोल आहे. राहणे म्हणजे काय, हेच माणसाला पुन्हा शिकावे लागणार आहे. विशीत असताना हा विचार मला फार मोठा वाटला होता. आज वाटते, हे सांगायचे कोणाला, यावर ते अवलंबून आहे. पावसात छत्री घेऊन अकरा घरे फिरलेल्या मुलीला हे सांगणे क्रूरपणा होईल. तिला तत्त्वज्ञान नको, खोली हवी. पण ज्याच्याकडे खोली आहे आणि तिला कुलूप आहे, त्याला हे जरूर सांगावे. आपल्या धर्मग्रामात खोल्या नाहीत असे नाही. पुनरुत्थानकाळात घरांना आशीर्वाद द्यायला मी जिने चढतो तेव्हा माझ्या डोळ्यांना ती कुलपे दिसतात. माणसे विरारला, मीरा रोडला, परदेशी गेली. खोलीत जुनी पलंगडी, नाताळच्या गोठ्याचे सामान आणि धूळ. त्या खोलीचा मालक आहे, पण तिथे राहत कोणीच नाही.

"फादर, बोलणे सोपे आहे. खोली दिली आणि ती परत मिळाली नाही तर?" हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल, आणि तो रास्त आहे. या भीतीला इतिहास आहे. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने जुन्या घरांची भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली आणि भाडेकरूला संरक्षण दिले. त्या काळी ते गरजेचे होते. मग १९७३ मध्ये दुरुस्ती झाली आणि त्या वर्षी १ फेब्रुवारीला लिव्ह अँड लायसन्सवर राहत असलेल्यांनाही भाडेकरूचे हक्क मिळाले. अनेकांना वाटले, आपली जागा गेली. तेव्हापासून कुलूप बरे, माणूस नको, ही शिकवण घराघरांत मुलांना मिळाली.

पण तो काळ मागे पडला आहे. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ लागू आहे. त्याच्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी जागा देणाऱ्याची आहे. कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर राहणाऱ्याने जागा परत द्यायची असते. न दिल्यास ठरलेल्या रकमेच्या दुप्पट भरपाई द्यावी लागते. स्वतः राहत असलेल्या घराचा एखादा भाग पेइंग गेस्टला देण्याचीही कायद्यात सोय आहे. करार नोंदवा, पोलिस ठाण्यात माहिती द्या, आणि निश्चिंत व्हा. सोसायटीत घर असेल तर सोसायटीला कळवा. तुम्ही स्वतः तिथे राहत नसाल तर सोसायटी बिनभोगवटा शुल्क घेते, पण १ ऑगस्ट २००१ च्या शासन आदेशानुसार ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. एक सावधगिरी मात्र सांगतो. खोली पागडीची असेल तर घरमालकाच्या लेखी संमतीशिवाय कोणाला ठेवू नका. चांगले काम चोरवाटेने करायचे नाही. त्याने तुमची खोली धोक्यात येईल आणि राहायला आलेल्या मुलीचीही फरपट होईल.

आणखी एक गैरसमज. पाहुणचार म्हणजे फुकट ठेवणे, असे मी म्हणत नाही. उद्या, २९ जूनला, आपण संत पेत्र आणि संत पौल यांचा सण साजरा करू. पौल हाही परप्रांतात जाऊन शिकवणारा माणूस. करिंथ शहरात तो नवखा होता. तिथे त्याला अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपे भेटले. तेही स्थलांतरित. सम्राट क्लौद्याने यहुद्यांना रोममधून काढल्यामुळे इटलीतून आलेले. दोघांचा धंदा तंबू शिवण्याचा, पौलाचाही तोच. पौल त्यांच्याकडे राहिला आणि त्यांच्याबरोबर काम करून आपला खर्च भागवला. प्रेषितांच्या कृत्यांचा शेवट पाहा : रोममध्ये पौल पूर्ण दोन वर्षे स्वतः भाड्याने घेतलेल्या घरात राहिला आणि येणाऱ्या प्रत्येकाचे स्वागत करून शिकवत राहिला. प्रेषितालाही भाडे भरावे लागले, आणि ते भरण्यात त्याला कमीपणा वाटला नाही. शिक्षिकेला दान नको आहे. तिला झेपेल असे भाडे हवे आहे. तिच्या पगाराचा तिसरा हिस्सा घेतला तरी रिकाम्या खोलीपेक्षा तो जास्तच आहे.

अक्विला आणि प्रिस्किल्ला यांच्या घराचे पुढे काय झाले? इफिसला आल्यावर त्यांनी अलेक्झांड्रियाहून आलेल्या अपुल्लो नावाच्या दुसऱ्या गुरूला आपल्याकडे घेतले आणि त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून दिला. पौलाच्या पत्रांत त्यांच्या घरी जमणाऱ्या ख्रिस्तसभेचा उल्लेख आहे. ख्रिस्तसभेचे पहिले चर्च असे एखाद्या कामगार जोडप्याच्या घरात भरत असे. नवख्या माणसाला जागा करून देणाऱ्या घरात प्रभू आपणहून येऊन बसतो, असे मला वाटते.

आजच्या शुभवर्तमानात प्रभू येशू सांगतो की संदेष्ट्याचा संदेष्टा म्हणून जो स्वीकार करतो त्याला संदेष्ट्याचे प्रतिफळ मिळेल, आणि लहानग्यांपैकी एकाला थंड पाण्याचा पेला देणाऱ्याचेही प्रतिफळ बुडणार नाही. शूनेमच्या बाईने काही मागितले नव्हते. तिला पुत्र झाला ते देवाचे देणे. खोली देऊ म्हणजे आपल्यालाही काही मिळेल, असा हिशेब कोणी करू नये. पण एवढे मात्र पाहा : शिकवणाऱ्याला जागा दिली आणि त्या घरात लेकरू आले. ज्या वस्तीत शिक्षकाला राहायला जागा नसते, तिथल्या लेकरांना दर दोन महिन्यांनी नवा शिक्षक मिळतो. या वर्षी गणिताची बाई निघून गेली तर नुकसान कोणाचे, हे तुम्हीच ठरवा.

शेवटी कामाचे बोलतो. आजपासून चर्चच्या ऑफिसात एक वही ठेवली आहे. एका बाजूला जागा हवी असलेल्या शिक्षकांची नोंद होईल, दुसऱ्या बाजूला जागा देऊ इच्छिणाऱ्यांची. शिक्षक आपल्या धर्माचाच हवा, आपल्याच राज्याचा हवा, अशी अट वहीत नाही. बिहारचा असो, केरळचा असो, तो आपल्या मुलांना शिकवतो, एवढे पुरे. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांनी अनामत रकमेसाठी हप्त्याने परत करायची उसनवारी देता येईल का, याचा विचार करण्याचे कबूल केले आहे. आपल्या धर्मग्रामातील दोन वकील बांधव कराराचा मसुदा विनाशुल्क पाहून देतील.

आणि माझेही कुलूप आहे. चर्चच्या हॉलवर जी खोली आहे, तिच्यात मोडकी बाके आणि जुने पंखे भरले आहेत. ती शिक्षकांसाठी मोकळी करण्याचा प्रस्ताव मी या आठवड्यात अर्थसमितीपुढे ठेवतो. लागणारी परवानगी वरिष्ठांकडून मीच आणीन. तिथे बायकांची सोय होणार नाही, पण दोन शिक्षकांची होईल. किल्ली इतकी वर्षे माझ्याच ड्रॉवरमध्ये होती.

ती मुलगी मात्र अजून नालासोपाऱ्यालाच आहे. तिच्या वडिलांनी सांगितले आहे की ३० तारखेपर्यंत सोय झाली नाही तर परत ये. परवा ३० तारीख. काल मी तिला फोन केला आणि मागच्या रविवारच्या माझ्या उत्तराबद्दल माफी मागितली. ती म्हणाली, "असू द्या फादर, तुम्ही तरी परत फोन केलात." मी तिला आज दहाच्या मिस्सेला बोलावले आहे. मिस्सेनंतर ती ऑफिसात बसेल. ज्या तीन घरी ती जाऊन आली त्यांची नावे मी तिला विचारली नाहीत आणि विचारणारही नाही. त्यांपैकी कोणाला तिच्याशी पुन्हा बोलावेसे वाटले, तर ऑफिसचे दार उघडे आहे.

आपण प्रार्थना करू या. हे प्रभो, बेथलेहेमच्या धर्मशाळेत तुझ्या मातेला जागा मिळाली नाही आणि डोके टेकायला तुला स्वतःचे ठिकाण नव्हते. आमच्या घरी तू किती वेळा विचारायला आलास आणि आम्ही चहा देऊन तुला परत पाठवले, त्याची आम्हाला क्षमा कर. आमची भीती काढ. आमच्या कुलूपबंद खोल्यांत एक खाट, एक मेज, एक खुर्ची आणि एक दिवा ठेवण्याची बुद्धी दे. आमच्या मुलांना शिकवणाऱ्या सर्वांना रात्री निवांत झोप लाभो. आमेन.

आपला ख्रिस्तसेवक,
धर्मगुरू